आधार ओळखयोजना आणि खासगीपणाचा प्रश्न

आधार ओळखयोजना आणि खासगीपणाचा प्रश्न या विषयात भारत सरकारच्या आधार योजनेमुळे नागरिकांच्या व्यक्तिगत माहितीवर होणारे परिणाम, त्यासंबंधीचे न्यायालयीन निवाडे आणि प्रत्यक्ष व्यवहारातील अनुभव यांचा विचार केला जातो. आधार हा बारा अंकी क्रमांक असून तो व्यक्तीच्या दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांच्याशी जोडलेला असतो. शरीराच्या अशा मोजमापांना जैवमितीय किंवा रूढ शब्दात बायोमेट्रिक माहिती म्हणतात. या योजनेचा महाराष्ट्राशी आरंभापासून संबंध आहे. देशातील पहिले आधारक्रमांक नंदुरबार जिल्ह्यात दिले गेले, ठशांच्या गोपनीयतेचा एक महत्त्वाचा खटला गोव्यातून उद्भवला, आणि खासगीपणाला मूलभूत अधिकाराचे स्थान देणाऱ्या निकालात मराठी न्यायमूर्तींचा मोठा वाटा होता. बुलढाण्यासारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात हा प्रश्न स्वस्त धान्य दुकान, कर्जमाफीची यादी आणि शाळेचे हजेरीपत्रक या वाटांनी येतो; म्हणून प्रस्तुत लेखात त्या जिल्ह्यातील परिस्थितीचा विशेष परामर्श घेतला आहे.

संज्ञा

मराठी वृत्तपत्रांत या विषयासाठी ‘गोपनीयता’ आणि ‘खासगीपणा’ हे दोन्ही शब्द वापरले जातात. त्यांचा अर्थ मात्र एक नाही. गोपनीयता म्हणजे गुप्त राखण्याजोगी गोष्ट उघड न करणे. मंत्री पदाची व गोपनीयतेची शपथ घेतात ती याच अर्थाने. खासगीपणात गुप्ततेचा भाव दुय्यम आहे. आपल्या आयुष्याचा कोणता भाग कोणापुढे ठेवायचा हे आपण ठरवावे, एवढाच त्याचा आशय. एखाद्याचा आजार घरच्यांना, डॉक्टरांना आणि शेजाऱ्यांना ठाऊक असतो, म्हणजे तो गुप्त नसतो. तरी तो चावडीवर वाचून दाखवला तर खासगीपणाचा भंग होतोच.

‘खासगी’ या शब्दाचा इतिहासही बोधक आहे. पेशवाईत आणि मराठी संस्थानांत सरकारी खजिन्याहून वेगळ्या, राजघराण्याच्या स्वतःच्या मालमत्तेला व कारभाराला खासगी म्हणत. तो कारभार पाहणारे ते खासगीवाले. होळकरांची खासगी तर सर्वश्रुत आहे. म्हणजे एके काळी खासगी असे काही असणे हा राज्यकर्त्यांचाच मान होता. तो शब्द रयतेच्या घरापर्यंत यायला बराच काळ जावा लागला.

ठशांचा पूर्वेतिहास

बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत जगात प्रथम शासकीय स्तरावर रुजली ती भारतातच. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे विभाग सुरू झाला आणि एडवर्ड हेन्री यांच्या नावाने पुढे जगभर गेलेल्या वर्गीकरणात अझिझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय अधिकाऱ्यांचे मोलाचे काम होते. ग्रामीण महाराष्ट्रात अंगठ्याचा ठसा मात्र सावकाराच्या कर्जरोख्याशी निगडित राहिला. वाचता न येणाऱ्याने कागदावर अंगठा उठवायचा आणि कागदात काय लिहिले आहे ते दुसऱ्याने सांगायचे, या व्यवहारातूनच ‘अंगठेबहाद्दर’ हा हेटाळणीचा शब्द आला.

ठशांचा आणखी एक वापर अधिक कठोर होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने त्या जमातींतील नोंदलेल्या कोणाही व्यक्तीच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिला. महाराष्ट्रातील पारधी, कैकाडी आदी समाजांनी ही नोंदणी आणि हजेरी अनेक पिढ्या सोसली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या. नोंदवही कल्याणासाठी आहे की पाळतीसाठी, ही शंका या समाजांत आजही ऐकू येते ती या अनुभवामुळे.

योजनेची घडण

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २८ जानेवारी २००९ रोजी एका शासकीय अधिसूचनेने झाली. नंदन निलेकणी हे त्याचे पहिले अध्यक्ष. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत पहिले आधारक्रमांक प्रदान करण्यात आले.

या वेळी योजनेमागे संसदेने केलेला कायदा नव्हता. २०१० मध्ये मांडलेले विधेयक यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील वित्तविषयक स्थायी समितीने डिसेंबर २०११ मध्ये प्रतिकूल अभिप्रायासह परत पाठवले. तरी नावनोंदणी चालूच राहिली. आधार कायदा झाला तो मार्च २०१६ मध्ये, आणि तोही धनविधेयकाच्या रूपाने, म्हणजे राज्यसभेला सुधारणा करण्याचा अधिकार न उरेल अशा रीतीने. कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे आधी आणि ते कसे सांभाळावेत याचा कायदा नंतर, हा क्रम या योजनेवरील सर्वांत साधा आणि सर्वांत अवघड आक्षेप आहे.

यंत्रणा कशी चालते

नावनोंदणीच्या वेळी नाव, जन्मतारीख, लिंग व पत्ता यांच्यासह ठसे, बुबुळे व छायाचित्र घेतले जाते. ही माहिती केंद्रीय भांडारात जाते आणि तेथे आधीच्या सर्व नोंदींशी ताडून पाहिली जाते, जेणेकरून एका माणसाला दोन क्रमांक मिळू नयेत. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत; पाचव्या व पंधराव्या वर्षी ते द्यावे लागतात.

पुढे प्रत्येक व्यवहारात होते ते प्रमाणीकरण. येथे यंत्र सर्व भांडार धुंडाळत नाही. ‘हा क्रमांक आणि हा ठसा एकाच माणसाचा आहे काय’ एवढाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर होय किंवा नाही असे येते. ई-केवायसी नावाच्या दुसऱ्या प्रकारात संमतीने नाव, पत्ता, छायाचित्र असा तपशीलही विचारणाऱ्या संस्थेकडे जातो. कायद्याच्या कलम २९ प्रमाणे ठसे व बुबुळे ही मूळ जैवमितीय माहिती कोणत्याही कारणासाठी कोणालाही देता येत नाही.

समर्थक याच तरतुदीकडे बोट दाखवतात, आणि ते चूक नाही. केंद्रीय भांडारातून ठसे चोरीला गेल्याचे सिद्ध झालेले नाही. टीकाकारांचा रोख वेगळीकडे आहे. एकच क्रमांक शिधापत्रिका, बँक खाते, जमीन, शाळा आणि दवाखाना या सर्व नोंदवह्यांत लिहिला गेला की त्या वेगवेगळ्या वह्या एका दोऱ्यात ओवण्याची सोय होते; मग भांडार फोडण्याची गरज राहत नाही. शिवाय गुपित शब्द फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

वास्कोचा खटला

या प्रश्नाची पहिली खरी कसोटी गोव्यात लागली. जानेवारी २०१३ मध्ये वास्को येथील एका शाळेत बालिकेवर झालेल्या अत्याचाराच्या गुन्ह्याचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे होता. घटनास्थळी मिळालेल्या ठशांशी ताडून पाहण्यासाठी गोव्यात नोंदणी झालेल्या सर्वांची जैवमितीय माहिती मिळावी, अशी मागणी विभागाने केली आणि स्थानिक दंडाधिकाऱ्यांनी ती मान्य केली. प्राधिकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेले. भांडाराची तांत्रिक क्षमता तपासावी, असा आदेश तेथे झाला. अखेर २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीवाचून अशी माहिती कोणत्याही यंत्रणेस देऊ नये, असे बजावले.

येथे पेच खरा होता. गुन्हा अत्यंत गंभीर होता आणि तपास यंत्रणेचा हेतू वाईट नव्हता. परंतु अनुदानासाठी अंगठा दिलेला गोव्यातला प्रत्येक माणूस त्या मागणीमुळे संशयितांच्या रांगेत उभा राहणार होता. कल्याणकारी कामासाठी घेतलेले ठसे गुन्हेतपासात वापरले तर चुकीच्या जुळणीमुळे निरपराध माणसे गोवली जातील, हा युक्तिवाद या खटल्यात खुद्द प्राधिकरणानेच केला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. गुन्हेतपासासाठीचे ठसे वेगळ्या कायद्याखाली घेतले जातात. तो कायदा आता २०२२ चा असून त्याखालील नोंदी ७५ वर्षे जपता येतात.

पुट्टस्वामी निकाल

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. सुनावणीत सरकारने मूळ प्रश्नच उपस्थित केला: राज्यघटनेत खासगीपणा असा मूलभूत अधिकार आहेच कोठे? १९५४ व १९६२ चे दोन जुने निकाल सरकारच्या बाजूचे होते. मधल्या काळात न्यायालयाने हा अधिकार तुकड्यातुकड्यांनी मान्य केला होता. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध मर्डीकर’ या १९९१ च्या प्रकरणात, समाजाने जिला चारित्र्यहीन ठरवले आहे अशा स्त्रीच्या घरातही पोलीस अधिकाऱ्याला मर्जीनुसार शिरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. परंतु जुन्या मोठ्या पीठांचे निकाल कायम असल्याने न्या. चेलमेश्वर, न्या. शरद बोबडे व न्या. नागप्पन यांनी ११ ऑगस्ट २०१५ रोजी हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवित व व्यक्तिगत स्वातंत्र्याचाच भाग आहे. या पीठात नागपूरचे न्या. बोबडे आणि न्या. धनंजय चंद्रचूड होते. चौघांच्या वतीने मुख्य निकालपत्र न्या. चंद्रचूड यांनी लिहिले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अटकेतील नागरिकाला न्यायालयाचे दार बंद करणाऱ्या जबलपूर खटल्याच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. तो निकाल मुलाने या निकालपत्रात स्पष्टपणे रद्द ठरवला. मराठी वाचकांत या प्रसंगाची जेवढी चर्चा झाली तेवढी निकालातील कसोट्यांची झाली नाही, ही खेदाची गोष्ट होय. कारण उपयोगी आहेत त्या कसोट्या. खासगीपणावर मर्यादा घालायची तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा, आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा, असे न्यायालयाने सांगितले.

या कसोट्या आधारला लावून पाहिल्या गेल्या त्या पुढल्या वर्षी. ३८ दिवसांच्या सुनावणीनंतर २६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला. सरकारी अनुदाने व प्राप्तिकराचा पॅन यांसाठी आधारची सक्ती टिकली. बँक खाते व मोबाइल क्रमांक यांसाठीची सक्ती रद्द झाली, खासगी कंपन्यांना वापराची मोकळीक देणारा कलम ५७ मधील भाग गेला, आणि प्रमाणीकरणाच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची तरतूद सहा महिन्यांवर आणली गेली. न्या. अजय खानविलकर बहुमतात होते. न्या. चंद्रचूड यांनी एकट्याने विरोधी निकालपत्र लिहिले व धनविधेयकाचा मार्ग हा राज्यघटनेवरील कपट होय, असे मत नोंदवले. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरसंचार कंपन्यांना ग्राहकाच्या इच्छेने आधार वापरण्याची मुभा मिळाली, आणि जानेवारी २०२५ च्या नियमांनी खासगी संस्थांसाठी वाट आणखी रुंद केली. न्यायालयाने बंद केलेले दार अशा रीतीने स्वेच्छेच्या नावाने किलकिले झाले आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील स्वरूप

बुलढाणा हा अमरावती विभागातील १३ तालुक्यांचा, कापूस व सोयाबीन पिकवणारा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. येथील बहुसंख्य लोक शेती व शेतमजुरीवर अवलंबून आहेत. मजुरीच्या कामाने बोटांवरील रेषा झिजतात. वयोमानाने त्या आणखी पुसट होतात. कपाशीच्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी वेचणाऱ्या बायांची बोटे सोलवटतात. दुकानातील ई-पॉस यंत्राला मात्र स्वच्छ, अखंड ठसा हवा असतो. २०१७-१८ च्या सुमारास राज्यातील स्वस्त धान्य दुकानांत ही यंत्रे आल्यापासून ‘अंगठा येत नाही’ हा नवा वाक्प्रचार जिल्ह्याच्या बोलीत रुळला. अंगठा उमटला नाही, तर बुबुळे, मोबाइलवर येणारा संकेतांक किंवा अपवाद नोंदवहीतील नोंद यांपैकी एका मार्गाने धान्य दिले गेलेच पाहिजे. केंद्रीय अन्न मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये तशा सूचना दिल्या आणि २०१८ च्या निकालानेही तेच सांगितले. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील दुर्गम गावांत संकेतांक येण्यासाठी आधी नेटवर्क यावे लागते, ही गोष्ट वेगळी.

धान्य न मिळणे हा वंचिततेचा प्रश्न झाला. त्याचा खासगीपणाशी काय संबंध, असे विचारले जाते. संबंध असा की, अंगठा उमटत नसलेल्या म्हातारीला आपला मोबाइल, त्यावर येणारा संकेतांक, कधी बँकेचे पुस्तकही दुकानदाराच्या किंवा केंद्रचालकाच्या हाती द्यावे लागते. कायद्यातील संमती येथे रांगेत उभी असते, आणि रांगेतल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय नसते.

या जिल्ह्यात कर्जाची गोष्ट सर्वांत नाजूक. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत पती, पत्नी व अज्ञान मुले यांना एक कुटुंब धरले गेले, आधारक्रमांकासह ऑनलाइन अर्ज भरून घेतले गेले, आणि अर्जदारांच्या याद्यांचे गावोगाव चावडीवाचन झाले. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्ज नव्हता. बँकांनी दिलेल्या माहितीवरून याद्या ग्रामपंचायतीत लागल्या आणि शेतकऱ्याने सेवा केंद्रात जाऊन अंगठ्याने आपली ओळख व कर्जाची रक्कम मान्य करायची होती. दुसरी पद्धत नक्कीच सोपी होती. यादी लावण्याचा हेतूही स्वच्छ होता: खोटी नावे गावकऱ्यांनीच ओळखावीत. परंतु विदर्भात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत, आणि त्यांत थकबाकीइतकाच चारचौघांतील अप्रतिष्ठेचा भाग असतो, हे या प्रदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे म्हणणाऱ्या समाजात मूठ भिंतीवर चिकटवली गेली.

यावर एक प्रत्युत्तर नेहमी दिले जाते: खेड्यात कोणाचे काय लपून राहते? सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात सोसायटीचा बोजा पूर्वीपासून लिहिलेला असतो आणि तो कोणालाही पाहता येतो. हे खरे आहे. तरी दोन्ही प्रकारांत भेद आहे. गावातील माहिती दुतर्फी असते. ज्याला माझे कर्ज ठाऊक आहे त्याचे कर्ज मलाही ठाऊक असते, आणि ती विसरलीही जाते. संगणकातील माहिती एकतर्फी असते, गावाबाहेर जाते आणि विसरत नाही. डिसेंबर २०२४ पासून राज्यात सुरू झालेल्या ॲग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्याच्या आधारशी त्याचे सर्व गट क्रमांक जोडून स्वतंत्र शेतकरी ओळख क्रमांक दिला जातो, आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी तो अनिवार्य आहे. पीकविमा, अनुदान व कर्ज यांची कामे त्याने वेगाने होतील; एखाद्या शेतकऱ्याची सगळी आर्थिक कुंडलीही त्यामुळे एका ठिकाणी मांडली जाईल.

अमरावती विभागातील जिल्ह्यांसह राज्यातील १४ शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत असे. २०२३ मध्ये त्याऐवजी प्रतिमाणशी दरमहा १५० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात देण्याचे ठरले. धान्याची पिशवी सर्वांना दिसत असे, खात्यातील रक्कम दिसत नाही. तेवढ्यापुरता खासगीपणा वाढला, असेही म्हणता येईल. पण ही रक्कम गावातच काढायची तर बँक मित्राच्या यंत्रावर अंगठा लावावा लागतो, आणि त्या व्यवहाराला बँकेचे नाव, आधारक्रमांक व ठसा एवढेच पुरते. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून कृत्रिम ठसे बनवल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. यंत्रासमोर जिवंत बोट आहे की नक्कल, हे ओळखणारी अधिक कडक पद्धत प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली. ज्यांना या मार्गाने पैसे काढायचे नाहीत त्यांना आपले ठसे कुलूपबंद करता येतात. ही सोय विनामूल्य आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना आहे.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेने या प्रश्नाला नवे अंग जोडले. २१ ते ६५ वयाच्या, वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी ही योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थी स्त्रीबरोबर तिच्या पतीचे किंवा वडिलांचेही आधार प्रमाणीकरण आवश्यक केले गेले. कुटुंबाचे उत्पन्न तपासण्यासाठी ही अट समजण्याजोगी आहे. मात्र पतीने टाकलेल्या, पण घटस्फोट न झालेल्या स्त्रीला तो संकेतांक मागण्यासाठी त्याच्याच दारी जावे लागते. विधवा व घटस्फोटित स्त्रियांच्या अडचणीमुळे सरकारला मुदत वाढवून कागदपत्रांचा वेगळा मार्ग द्यावा लागला.

शाळा आणि विद्यार्थी

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीत अनेक शाळांच्या पटावर खोटी नावे आढळली. त्यावर उपाय म्हणून विद्यार्थ्यांचे आधार तपासण्याची पद्धत आली, आणि पुढे शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यताच आधार वैध ठरलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून राहू लागली. परिणामी शाळेच्या दाखल्यावर ‘गणेश’ आणि आधारवर ‘गनेश’ असा एका अक्षराचा फरकही एखाद्या शिक्षकाचे पद धोक्यात आणू शकतो. खोट्या पटाला आळा बसला, हे नाकारता येत नाही. पण हजेरीपत्रकात रोज ‘उपस्थित’ म्हणणारे मूल संगणकाला दिसत नाही, असाही प्रसंग येतो. ऊसतोड व वीटभट्टीच्या कामाला स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांत हे अधिक घडते.

२०१८ च्या निकालानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा हक्क आहे, अनुदान नव्हे. म्हणून शालेय प्रवेशासाठी आधार मागता येत नाही. मुलाचे आधार काढण्यास पालकांची संमती लागते आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या मुलाला आपला क्रमांक रद्द करून घेता येतो. विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी जन्मभर एकत्र ठेवणाऱ्या ‘अपार’ क्रमांकालाही पालकांचे संमतिपत्र आवश्यक आहे. हे संमतिपत्र नाकारताही येते, ही बाब पालकसभेत क्वचितच सांगितली जाते.

माहितीची गळती

मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने दाखवून दिले की, चार सरकारी संकेतस्थळांवर सुमारे १३ कोटी आधारक्रमांक उघडे पडले होते. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ या दैनिकाने अवघ्या ५०० रुपयांत लोकांचे नाव-पत्ते पाहण्याची सोय विकत मिळते, असे वृत्त दिले. ठसे सुरक्षित आहेत, असा खुलासा प्राधिकरणाने केला. त्याचबरोबर या प्रकरणी गुन्हाही नोंदवला, आणि त्यात वार्ताहराचे नाव आल्याने देशभर टीका झाली.

मात्र सामान्य माणसाच्या माहितीची खरी गळती झेरॉक्सच्या दुकानातून होते. सिम कार्ड, लॉजची खोली, गॅसची जोडणी, प्रत्येक ठिकाणी आधारची प्रत दिली जाते आणि ती पुढे कोठे जाते हे कोणी विचारत नाही. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने अशा प्रती देऊ नयेत असे पत्रक काढले. लोकांत घबराट होताच दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. सल्ला मुळात योग्यच होता. पहिले आठ अंक झाकलेली प्रत आणि खऱ्या क्रमांकाऐवजी देता येणारा सोळा अंकी आभासी क्रमांक या दोन्ही सोयी उपलब्ध आहेत.

इतर देश

ब्रिटनने २००६ च्या कायद्याने ओळखपत्रे व राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, परंतु २०१० मध्ये कायदा रद्द करून जमवलेली माहिती नष्ट केली. जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तेथील सक्तीची ओळखयोजना घटनाबाह्य ठरवताना न्या. चंद्रचूड यांच्या विरोधी निकालपत्राचा आधार घेतला.

माहिती संरक्षण आणि माहितीचा अधिकार

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले. माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, गळती झाल्यास संबंधितास कळवावे, अशी बंधने त्यात आहेत. सरकारी यंत्रणांना मात्र विस्तृत सूट आहे.

याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील एक कलमही बदलले. पूर्वी व्यापक जनहित असेल तर व्यक्तिगत माहितीही देता येईल, असे त्या कलमातच म्हटले होते. आता व्यक्तिगत माहिती नाकारण्यास तेवढे कारण पुरते. महाराष्ट्राने २००२ मध्ये स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, आणि रोजगार हमीची मजूरयादी किंवा घरकुलाची लाभार्थी यादी मागवून खोटी नावे शोधणे हे येथील कार्यकर्त्यांचे नेहमीचे साधन राहिले आहे. कर्जदार शेतकऱ्याचे नाव भिंतीवर लागू नये, आणि मृताच्या नावाने उचललेली मजुरी लपू नये, या दोन्ही अपेक्षा एकाच गावातून येतात. नव्या तरतुदीने यांपैकी दुसरी अपेक्षा पुरी होणे कठीण केले आहे, असा माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे. व्यापक जनहितात माहिती उघड करण्याची सर्वसाधारण मुभा कायद्याच्या दुसऱ्या कलमात अजून शिल्लक आहे, असे सरकारचे त्यावर म्हणणे आहे. परंतु ती मुभा वापरणे आता जनमाहिती अधिकाऱ्याच्या विवेकावर अवलंबून आहे.